न कळवता

३ जानेवारी, शुक्रवार

ही वही हिनं दिली. म्हणाली, "दिवसभर जे काही सांगायचं असतं ते आता यात लिहा, माझे कान किटले." निवृत्त होऊन अकरा महिने झाले. एकतीस वर्षं शहरातल्या बसमध्ये तिकिटं तपासली. आता घरात बसून हिची भाजी तपासतो, ते हिला चालत नाही.

तर आज मदत मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. वकीलसाहेब अध्यक्ष आहेत, त्यांनीच बोलावलं होतं. मंडळ चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण कारभार सगळा भोंगळ. जो जास्त रडतो त्याला धान्याची पेटी, जो गप्प बसतो तो उपाशी. तासभर ऐकून घेतलं आणि मग उठलो. म्हटलं, तिकिटाचं कसं असतं? असतं किंवा नसतं. तसाच नियम करा. ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळलाय त्याच घराला महिन्याचं धान्य आणि औषधं. ज्या दिवशी तो आपल्या पायावर उभा राहिला त्या दिवशी मदत बंद, आणि पेटी यादीतल्या पुढच्या घरी. रडारड नाही, वशिला नाही.

सगळ्यांना पटलं. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे माझ्याकडून फॉर्म लिहून घेतला आणि म्हणाले, "आता तुम्हीच घरोघरी जाऊन बघा." किती दिवसांनी छाती भरून आली. हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, बाहेर पडाल."

९ जानेवारी, गुरुवार

पहिलं घर. तिसरा मजला, एकच खोली. माणूस रंगारी. इमारतीला रंग देताना परांचीवरून पडला, त्याला चार महिने झाले. पाठीला मार आहे, कमरेखाली ताकद नाही. वय पस्तीस असेल. बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, मुलगी बारा वर्षांची आहे. खोलीची एक भिंत अर्धी पिस्ता रंगाची आणि अर्धी नुसत्या पांढऱ्या लांबीची, रंगाआधी लावतात त्या लेपाची. बिचारा घरचं काम अर्धवट टाकून कामावर गेला आणि पडला.

माणूस मात्र गमत्या. मी विचारलं, पायांचं काय? तर म्हणे, "पाय आहेत काका, पण ऐकत नाहीत. बायकोचे झालेत." बायकोला हसू आलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई सोमवारी आणि शुक्रवारी येतात. त्या म्हणतात रोज सराव केला तर सहा महिन्यांत चालेल.

फॉर्म वाचून दाखवला. रंगाऱ्याची बायको फार चौकस. "उभे राहिले म्हणजे कसं हो काका? भिंतीला धरून उभे राहिले तर?"

मी म्हटलं, "उभं म्हणजे उभं. अर्धं तिकीट फक्त लहान मुलांना असतं."

"पण शिडीवर चढायला वर्ष लागेल म्हणतात. काम करायला लागेपर्यंत तरी..."

"वहिनी, यादीत अजून चौदा घरं आहेत."

मग तिनं सही केली. दर गुरुवारी सकाळी दहाला येईन म्हणून सांगून आलो.

२३ जानेवारी, गुरुवार

बरोबर दहाला पोचलो. रंगारी आडवा, पेटी पोचलेली, सगळं ठीक. फक्त भिंतीवर कमरेच्या उंचीवर हातांचे काळे डाग दिसले. खाटेपासून खिडकीपर्यंत ओळीनं. एवढा सुंदर रंग, आणि त्यावर हे. मुलीला म्हटलं, "बाळ, हात धुऊन मग भिंतीला लावावेत." तिनं बापाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होता. मग ती हळूच "हो आजोबा" म्हणाली.

मला आजोबा म्हणणारं दुसरं कोणी नाही. आमच्या मुलाला मूलबाळ नाही, आणि तो फोनही क्वचितच करतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भिंत स्वच्छ. इतकी घासली आहे की रंगसुद्धा फिका झालाय. सांगणारा कोणी असला की घराला वळण लागतं.

दाराशी पुरुषाच्या चपला होत्या, तळवे ओले. विचारलं, "या कोणाच्या?" रंगाऱ्याची बायको म्हणाली, "मीच घालते काका, नळावर जाताना." बाईला स्वतःच्या चपला नाहीत. घरी येऊन हिच्या जुन्या चपलांतली एक जोडी काढायला सांगितली. हिनं विचारलं, "तिच्या पायापेक्षा मोठ्या असतील ना त्या पुरुषी चपला?" म्हटलं, "मोठ्या म्हणजे चांगल्याच मोठ्या." हिनं चपला मात्र दिल्या.

१८ मार्च, मंगळवार

काल रात्री वकीलसाहेबांचा फोन आला होता. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की रंगारी संध्याकाळी दारात उभा दिसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, दहा आठवडे मी स्वतः जातोय. ते म्हणाले, "तुम्ही ठरलेल्या वेळी जाता."

हे मात्र खरं. एकतीस वर्षं जे केलं तेच विसरलो. सांगून चढणाऱ्या तपासनीसाला विनातिकीट माणूस कधी सापडलाय का?

म्हणून आज मंगळवार, दुपारी चार वाजता, न कळवता गेलो. दार लोटलेलं होतं, सरळ आत. रंगारी खाटेवर, पण घामानं भिजलेला आणि धापा टाकत होता. मुलगी हातात पेन्सिल घेऊन भिंतीशी उभी. बायको म्हणाली, "ताप आहे काका." कपाळाला हात लावला तर ताप नव्हता. अशक्तपणा असणार, आडवं पडल्या पडल्या दम लागतो म्हणजे बघा. मी शेकडो लबाड चेहरे पाहिलेत, हा चेहरा लबाडाचा नाही, घाबरलेल्या आजारी माणसाचा आहे. वकीलसाहेबांना तसं ठणकावून सांगितलं.

आता ठरवलंय की वाटेल त्या दिवशी, वाटेल त्या वेळी जायचं. त्यांच्याच भल्यासाठी. माझा अहवाल चोख असला तर कोणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही.

२ एप्रिल, बुधवार

दोन आठवड्यांत सहा वेळा जाऊन आलो. एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. रंगाऱ्याची मुलगी आता रोज जिन्यात पुस्तक घेऊन बसलेली असते. मला लांबून पाहिलं की उठते आणि "आजोबा आले, आजोबा आले" असं ओरडत तीन मजले धावत वर जाते. मी मागून काठी टेकत, गुडघे सांभाळत जातो.

एकतीस वर्षं मी बसमध्ये चढलो की लोक तोंड फिरवायचे. मला पाहून धावत सुटणारं हे पहिलंच माणूस. हिला सांगताना डोळ्यांत पाणी आलं. ही म्हणाली, "ती वर का जाते पण? तुमच्याकडे का येत नाही?" बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

२१ एप्रिल, सोमवार

जिन्यात व्यायामाच्या बाई भेटल्या. भेटल्या कसल्या, अंगावरच आल्या. "तुम्हीच ना ते मंडळाचे? तुमचं येणं जरा कमी करा." कारण विचारलं तर म्हणाल्या, "मार्चमध्ये तो माणूस भराभर सुधारत होता. आता पाय खाली टाकायला तयार नाही. आज तर घरचे मला येऊ नका म्हणाले."

मी म्हटलं, "मग तुमचा व्यायाम त्याला झेपत नसेल."

"तुमचा फॉर्म मी वाचलाय," एवढं म्हणाल्या आणि निघून गेल्या. वाचला असेल, त्यात काय गुपित आहे? लोकांना वाटतं माणूस बरा झाला तर श्रेय आपल्याला मिळावं.

वर जाऊन रंगाऱ्याच्या बायकोला रागावलो. फुकट उपचार दारात येतोय आणि तुम्ही नको म्हणता? ती कपड्यांच्या घड्या करत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांच्या व्यायामानं पोट भरत नाही काका. तुम्ही आहात ना." एवढा विश्वास टाकल्यावर माणसाला जबाबदारी वाटते.

९ मे, शुक्रवार

आज गंमत करायची म्हणून मागच्या जिन्यानं गेलो. ही आमची जुनी युक्ती. पुढचं दार सगळे बघत असतात, आपण मागच्या दारानं चढायचं. म्हटलं, मुलीला जिन्यात चकवू, वर जाऊन तिलाच "आजोबा आले का?" विचारू.

गंमत राहिली बाजूला. दार उघडलं तर रंगारी खोलीच्या मध्यावर उभ्याचा खाली आडवा झालेला. मला बघितलं आणि कोसळला असं क्षणभर वाटलं, पण मी आत येईपर्यंत तो पडलेलाच असणार. बायको त्याला काखेत धरून उचलत होती. "खाटेवरून पडले," म्हणाली. मीच खांद्याला धरून त्याला खाटेवर टाकलं. त्याचं कोपर फुटलं होतं. तो म्हणत होता, "मी उठलो नव्हतो काका. आईशपथ, उठलो नव्हतो." मी म्हटलं, अरे, मला माहीत आहे.

मुलगी खालून धावत आली, मला बघून दारातच थांबली आणि रडायला लागली. बापाला पडलेलं पाहून कुठलं लेकरू रडणार नाही.

१० मे, शनिवार

हिनं विचारलं, "पडला तेव्हा पायात चपला होत्या का?" आठवून बघितलं. होत्या खऱ्या. काही लोक चपला घालून लोळतात, त्यात काय. ही म्हणाली, "तुम्हाला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" मी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

३० मे, शुक्रवार

मंडळात भांडून रंगाऱ्यासाठी लोखंडी खाट मंजूर करून घेतली. दोन्ही बाजूंनी उंच कठडे, पुन्हा पडायची भीती नाही. स्वतः उभं राहून चढवली. रंगाऱ्यानं एक कठडा हातानं चाचपून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे काका. पक्का बंदोबस्त." हल्ली तो कमी बोलतो, पण विनोदाची सवय गेलेली नाही. मंडळाच्या अहवालात छापण्यासाठी फोटो काढला.

२६ जून, गुरुवार

मुलगी सकाळी साडेदहाला जिन्यात. मी विचारलं, शाळा? तर म्हणाली, "सुट्टी आहे आजोबा." परवा मंगळवारीही सुट्टी होती. हल्ली ती दोन जिन्यांच्या मध्ये जो बोळ आहे तिथे बसते, तिथून दोन्ही बाजू दिसतात. वारा लागत असेल तिथे.

खोलीत वास येतो. रंगाऱ्याच्या पाठीला जखमा झाल्यात, माकडहाडापाशी एक मोठी आहे. त्याला कुशीवर वळवा म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "वळवते काका, पण कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सरळच ठेवते." हे उत्तर मला नीट समजलं नाही. मलम आणून दिलं.

१७ जुलै, गुरुवार

आज रंगाऱ्यानं स्वतःहून हाक मारून जवळ बसवलं. गाल बसलेत. विचारलं, "आज कुठल्या जिन्यानं आलात?" म्हटलं, पुढच्या. मग माझं मनगट धरलं. नंतर म्हणाला, "काका, एक मागू? पुढच्या वेळी कळवून याल का? एकदाच. नुसतं सांगायचं, अमुक दिवशी येतो. मधले दिवस येऊ नका."

मला हसू आलं. "वेड्या, कळवून आलो तर ती तपासणी कसली?"

"हो, तेही खरंच," म्हणाला.

त्याचा हात माझ्या मनगटावर होता. रंगाऱ्याचा हात, पण सगळा मऊ पडलाय. घरी आल्यावर चैन पडेना म्हणून वकीलसाहेबांना फोन केला, की या घराला ठरलेल्या दिवशी भेट दिली तर चालेल का. ते म्हणाले, "नियम तुमचाच आहे, तुम्ही बघा." फोन ठेवला. एकाला सूट दिली की चौदा जण मागतात.

३ ऑगस्ट, रविवार

रंगाऱ्याला खोकला, ताप, छाती भरलीय. यावेळी ताप खरा आहे. दवाखान्यात हलवलं. खाटेवरून उतरवताना कठडे निघेनात, आवळून गंजले होते, म्हणून चादरीत घालून वरून उचलावं लागलं. वजन काहीच नव्हतं.

डॉक्टर तरुण आहेत, तोंडाळ आहेत. म्हणाले, "याला चालवलं का नाही? याच्या पाठीत न चालण्यासारखं काही नव्हतं. पडून पडून छाती भरते, जखमा सडतात. याच्या फायलीत लिहिलंय, मार्चमध्ये आधारानं चालत होता." मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः जात होतो. आठवड्यातून तीन-तीनदा जात होतो. डॉक्टर पुढच्या रोग्याकडे गेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दहा वाजता रंगारी गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बैठक झाली. नियमाप्रमाणे त्या घरात आता अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही, म्हणून पेटी बंद. मी म्हटलं, निदान तीन महिने द्या. वकीलसाहेबांनी फॉर्म पुढे सरकवला, माझंच अक्षर. "तुम्हीच म्हणाला होतात, असतं किंवा नसतं." खाट पुढच्या घरी पोचवायची आहे, एका गवंड्याच्या. तेही काम माझ्याकडेच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

खाट आणायला गेलो. हमालांची हातगाडी मागे लावली होती, म्हणून मागच्या जिन्यानं वर गेलो. रंगाऱ्याची बायको इस्त्री करत होती. "या काका," म्हणाली, आणि इस्त्री खाली ठेवली नाही. मी बंद झालेल्या पेटीबद्दल बोलायला गेलो, तर म्हणाली, "माहीत आहे. वाचून दाखवला होता तुम्ही."

हमालांनी खाट पुढे ओढली. तिच्यामागे, अर्ध्या राहिलेल्या पांढऱ्या भिंतीवर, अगदी खाली, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं. मी चष्मा लावून खाली बसलो. मुलीचं अक्षर. तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे आकडा. १३ जानेवारी, २. १४ जानेवारी, २. २३ जानेवारीला काही नाही, कुठल्याच गुरुवारी काही नाही. फेब्रुवारीअखेर ११. १७ मार्च, १९, आणि पुढे लिहिलंय, "दारापर्यंत. बाबा बाहेर बघत उभे राहिले."

त्यानंतर मधले मधले दिवस गळालेत. १४, ९, ९, ६. सगळ्यात शेवटी ९ मे. तारीख लिहिलेली, पुढे आकडा नाही.

मी बायकोला विचारलं, "मला सांगितलं का नाही?" तिनं शर्टाची कॉलर दाबली, उलटली, पुन्हा दाबली. "काय सांगायचं होतं काका? पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला." रागानंही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिथून उठलो तेव्हा आधाराला भिंत धरली, आणि हात जिथे पडला तिथलाच रंग घासून फिका झालेला होता.

घरी येऊन ही वही मागे उलटली. १८ मार्च, न कळवता गेलो. ९ मे, मागच्या जिन्यानं गेलो. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. हिला वाचायला दिली. तिनं चष्मा लावला, दोन-तीन पानं वाचली आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

एक लिहायचं राहिलं आहे. टाळत होतो.

खाट गेल्यावर मी पुढच्या जिन्यानं उतरलो. मुलगी त्या बोळाच्या तोंडाशी बसली होती, पाठमोरी, मांडीवर पुस्तक. माझी काठी वाजली. तिनं मागे वळून पाहिलं, ताडकन उठली आणि मला ओलांडून वर धावली. "आजोबा आले, आजोबा आले." चार पायऱ्या चढली आणि थांबली. वर बघत उभी राहिली. मग खाली उतरून पुन्हा आपल्या जागी बसली आणि पुस्तक उघडलं.

इतके महिने दर वेळी ऐकली ती हाक. एकदाही ती माझ्यासाठी नव्हती.